शंभर फूट मोकळी जागा कुणाकडे आहे?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारावरची घरं जळत होती, तेव्हा आपल्या अनेक ग्रुपवर एकच सूर होता. हॉलिवूडवाल्यांचे बंगले जळाले, विमा असेल, पुन्हा बांधतील, आपल्याला त्याचं काय? आपल्या वस्त्या जळतात तेव्हा कोण रडतं?

असं विचारणाऱ्या तरुणांचा राग मला समजतो. आपल्या लोकांसाठी 'घराला आग' या शब्दांचा पहिला अर्थ 'लावलेली आग' असा आहे. २५ डिसेंबर १९६८ रोजी तामिळनाडूतल्या किल्वेनमणी गावात एका झोपडीत आसऱ्याला गेलेली ४४ दलित माणसं जाळून मारली गेली. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त होती. त्या शेतमजुरांचा गुन्हा एवढाच की त्यांनी मजुरी वाढवून मागितली होती. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावच्या बौद्ध वस्त्या पेटल्या. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या या आगी आपण विसरू शकत नाही.

पण मित्रांनो, कुणी न लावता लागणारी आगही असते. वाळलेलं गवत, वाऱ्यावरची ठिणगी, तुटलेली वीजतार. ही आग जात बघत नाही असं म्हणतात. ती कुठे पोहोचणार, कुणाला वेळेवर निरोप मिळणार, कुणाच्या घराभोवती मोकळी जागा असणार, हे मात्र आग लागायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं आणि ते माणसांनीच ठरवलेलं असतं. म्हणून कॅलिफोर्नियातला एक साधा, कोरडा वाटणारा नियम आज आपण नीट समजून घेऊ. घराभोवतालचं गवत-झुडूप साफ ठेवण्याचा नियम. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हा नियम शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे आणि त्याला विरोध करण्याचं काहीच कारण नाही. पण विषम समाजात कर्तव्य सगळ्यांना सारखं वाटून साधनं मात्र वाटली नाहीत, तर चांगला नियमसुद्धा गरिबावरचा दंड होतो.

नियम काय आहे?

कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक संसाधन संहितेत कलम ४२९१ आहे. वणव्याचा धोका असलेल्या भागात ज्याचं घर आहे किंवा ज्याच्या ताब्यात घर आहे, त्याने घराच्या चारही बाजूंनी १०० फुटांपर्यंतचं जळाऊ गवत, झुडपं, पालापाचोळा आटोक्यात ठेवायचा. हे अंतर आधी ३० फूट होतं. २००५ पासून ते १०० फूट झालं. लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशमन विभागाने तर अतिधोक्याच्या डोंगराळ भागासाठी २०० फुटांचा नियम केला आहे.

या १०० फुटांचे पट्टे पाडले आहेत. घरापासून पहिल्या ३० फुटांत वाळकं काहीही राहू द्यायचं नाही, छपरावरचा आणि पन्हाळीतला पाला काढायचा, झाडाच्या फांद्या धुराड्यापासून १० फूट लांब ठेवायच्या. त्यापुढच्या ७० फुटांत गवत चार इंचांपेक्षा वाढू द्यायचं नाही, झुडपांमध्ये अंतर राखायचं. सरपणाच्या राशी घरालगत नकोत, त्या या बाहेरच्या पट्ट्यात. २०२० च्या कायद्याने आणखी एक पट्टा आणला, तो म्हणजे भिंतीपासूनचे पहिले पाच फूट. तिथे जळेल असं जवळपास काहीच नको. त्याचे तपशीलवार नियम २०२३ पर्यंत तयार व्हायचे होते, ते रखडले. जानेवारीच्या आगीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपालांनी आदेश काढून त्यासाठी वर्षअखेरची मुदत घातली.

पहिल्या पाच फुटांवर एवढा भर का? कारण वणव्यात बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, ती ठिणग्यांनी पेटतात. वारा जोराचा असेल तर निखारे मैलभर पुढे उडतात. ते पन्हाळीतल्या पाल्यावर, दारातल्या पायपुसण्यावर, भिंतीलगतच्या वाळक्या झुडपावर पडतात आणि घर आतून धुमसायला लागतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी अनेक वर्षं हेच मांडलं की घर वाचेल की जळेल हे मुख्यतः घर आणि त्याच्या अगदी जवळचा परिसर यांवर ठरतं.

म्हणजे नियमामागे अनुभव आहे, अभ्यास आहे. 'सरकारचा आणखी एक जाच' म्हणून तो उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत. शास्त्रीय पुराव्यावर उभा असलेला आणि जीव वाचवणारा नियम आपला शत्रू असू शकत नाही.

मालकीच्या हद्दीवर नियम थांबतो

आता याच कलमातले काही शब्द नीट वाचा. १०० फूट, 'पण मालमत्तेच्या हद्दीपलीकडे नाही'. कायद्याच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे, दुसऱ्याच्या जागेत घुसून तुम्ही झाड तोडू शकत नाही. पण याचा अर्थ काय होतो? ज्याच्याकडे दोन एकर आहेत, त्याला घराभोवती पुरती १०० फूट मोकळी जागा करता येते. ज्याचं घर छोट्या प्लॉटवर आहे, त्याची हद्द भिंतीपासून दहा-पंधरा फुटांवर संपते. त्याने आपलं अंगण झाडून लख्ख केलं तरी पलीकडे शेजाऱ्याची भिंत आहे, आणि आगीच्या हिशेबाने शेजाऱ्याचं घर हेच सर्वांत मोठं सरपण. दाट वस्तीत आग गवतावरून पुढे जात नाही, घरावरून घरावर जाते.

याहून बिकट स्थिती आहे 'मोबाइल होम पार्क'मध्ये राहणाऱ्यांची. अमेरिकेत गरीब आणि निवृत्त लोकांचा हा मोठा आसरा. तिथे घर तुमचं असतं, पण ज्या जमिनीवर ते उभं आहे ती दुसऱ्याची, तिचं महिन्याला भाडं भरायचं. घरं एकमेकांना खेटून. ऑक्टोबर २०१७ मध्ये सांता रोझा शहरातली 'जर्नीज एंड' ही अशीच एक वसाहत जळाली. घरामागचं झुडूप तोडायचं तरी जमीनमालकाला विचारावं लागतं, अशा माणसाला '१०० फूट साफ ठेव' सांगण्याचा अर्थ काय?

हे वाचताना आपल्याला काही आठवतं का? घर आपलं, जमीन गायरानाची. घर आपलं, पण मागचा ओढा, बांध, पडीक सगळं दुसऱ्याचं. आपल्या किती वस्त्यांना स्वतःची हद्द आहे? गावकुसाबाहेर ढकललेली वस्ती नेहमी अशाच जागी वसली जी कुणाला नको होती. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग फासला. लाल भागात कर्ज मिळणं कठीण झालं. आपल्याकडे असा रंगीत नकाशा कुणी छापला नाही. गरजच नव्हती, गावची वेस पुरेशी होती.

खर्च कुणी द्यायचा?

नियम मोडला तर काय होतं, तेही बघा. तपासनीस येतो, नोटीस देतो, मुदत देतो. मुदतीत काम झालं नाही तर अनेक ठिकाणी स्थानिक प्रशासन स्वतःच्या ठेकेदाराकडून ते करून घेतं आणि त्याचा खर्च, वर प्रशासकीय शुल्क लावून, मालमत्ता कराच्या बिलात चढवतं. धोक्याच्या पट्ट्यातलं घर विकायचं असेल तर जुलै २०२१ पासून नियम पाळल्याचा कागद जोडावा लागतो.

तरुण, धडधाकट, पैसेवाल्या माणसाला यात अडचण नाही. तो माणसं लावतो. काहीजण तर शेळ्यांचे कळप भाड्याने आणतात, त्या उतारावरचं गवत फस्त करतात. पण सत्तरीतली एकटी बाई काय करणार? पेन्शनवर जगणारा, गुडघे गेलेला माणूस काय करणार? ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज नावाच्या गावात 'कॅम्प फायर'मध्ये ८५ माणसं गेली. त्यांत वृद्धांचं प्रमाण फार मोठं होतं. शहरात परवडत नाही म्हणून डोंगरात स्वस्त घर घेऊन राहिलेली ही माणसं.

आणि ती आग कशाने लागली? कुणाच्या अंगणातल्या गवताने नाही. पीजी अँड ई या वीज कंपनीच्या जुन्या टॉवरवरचा सुमारे शंभर वर्षांचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला आणि उच्च दाबाची तार सुटली. जून २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा काय, तर सुमारे ३५ लाख डॉलर दंड. तुरुंगात कुणीही गेलं नाही. एकीकडे म्हातारीच्या दारातलं गवत चार इंचांवर गेलं म्हणून नोटीस, दुसरीकडे शंभर वर्षांचा आकडा न बदलणाऱ्या कंपनीला दंडाची पावती. नियम सगळ्यांना आहे, पण नियमाचा हात कुणाच्या मानेपर्यंत पोहोचतो आणि कुणाच्या नाही, ते इथे दिसतं.

विमा कंपन्यांचं वागणंही याच ओळीतलं. २०२४ मध्ये एका बड्या कंपनीने कॅलिफोर्नियातल्या ७२ हजार पॉलिसींचं नूतनीकरण नाकारणार असल्याचं जाहीर केलं. नियम पाळणाऱ्याला हप्त्यात सवलत मिळावी अशी तरतूद राज्याने २०२२ मध्ये केली आहे. पण ती सवलत मिळवायला आधी घरावर खर्च करावा लागतो, आणि ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत तो सवलतीच्याही बाहेर राहतो.

झुडपं कोण तोडतं?

आता कामाकडे येऊ. कारण कुठल्याही व्यवस्थेची जात कळते ती अंगमेहनतीचं काम कोण करतं यावरून.

कॅलिफोर्नियात डोंगरावरची झुडपं तोडणं, आगीपुढे मोकळे पट्टे काढणं, जळत्या जंगलात कुऱ्हाड-फावडं घेऊन उतरणं, या कामांत कैद्यांच्या तुकड्या अनेक दशकं वापरल्या जातात. जानेवारी २०२५ च्या आगीवर असे हजाराहून जास्त कैदी होते. त्यांची मजुरी दिवसाला ५.८० ते १०.२४ डॉलर आणि प्रत्यक्ष आगीवर असताना तासाला एक डॉलर वाढीव. ज्या राज्यात बाहेरच्या मजुराला तासाला १६ डॉलरच्या वर किमान वेतन आहे, तिथला हा दर. बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा झाला आणि आगीवर असतानाचा दर तासाला ७.२५ डॉलर ठरला. हे अर्थातच पुढचं पाऊल आहे. पण त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये तुरुंगातली सक्तीची मजुरी राज्यघटनेतून काढून टाकावी का, यावर कॅलिफोर्नियात मतदान झालं होतं आणि मतदारांनी 'नको' म्हटलं. अमेरिकेच्या घटनेतल्या तेराव्या दुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम शिल्लक ठेवलं. त्या एका अपवादातून किती माणसं आत ओढली गेली, हे कृष्णवर्णीयांच्या चळवळीने जगाला सांगितलं आहे.

आपलं संविधान इथे पुढे आहे, हे अभिमानाने सांगावं. कलम २३ ने वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी बंद केली. १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच. आणि याच कलमाच्या दुसऱ्या भागात एक तरतूद आहे जी आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ केली पाहिजे. सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकतं, पण ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांच्या आधारावर भेदभाव करता येणार नाही. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या महारकीची कामं फुकट केली, त्याच्यासाठी ही ओळ किती मोलाची आहे! बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं. त्यामागचं दुखणं हेच होतं की गावाचं सार्वजनिक काम एका जातीच्या अंगावर आणि मोबदला गावाच्या मर्जीवर.

पण संविधान पुढे असलं म्हणून व्यवहार पुढे गेला असं नाही. भारतातल्या तुरुंगांत झाडू आणि संडास कुणाकडे, स्वयंपाक कुणाकडे, हे नियमावल्यांमध्येच जातीवर ठरत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. म्हणजे प्रजासत्ताकाला पाऊणशे वर्षं होत आल्यावर. तेव्हा अमेरिकेला नावं ठेवताना आपलं अंगणही झाडून घ्यावं.

आगीची विद्या कुणाची होती?

या नियमाच्या मागे एक इतिहास आहे, तो सहसा सांगितला जात नाही. कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी, उत्तरेकडचे कारुक, युरोक आणि इतर अनेक जमाती, हजारो वर्षं जंगलात ठरावीक काळी छोट्या छोट्या आगी लावत. पाचोळा आणि झुडपं कमी व्हायची, टोपल्या विणायला सरळ फोक मिळायचे, ओकची फळं वेचायला जमीन मोकळी व्हायची. छोटी आग वेळेवर लावली की मोठी आग लागत नाही, ही त्यांची विद्या.

१७९३ मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने ही आग बंद करणारा हुकूम काढला. पुढे अमेरिकेचं राज्य आलं आणि १८५० मध्ये, राज्याच्या पहिल्याच वर्षी, एक कायदा झाला. नाव 'इंडियन लोकांचं शासन आणि संरक्षण' आणि आत काय? माळरानाला आग लावली तर शिक्षा, आणि त्याच कायद्याने मूळ रहिवाशांची मुलं गोऱ्यांच्या ताब्यात कामाला देण्याची, 'भटकणाऱ्या' माणसाला पकडून मजुरीला लावण्याची सोय. नाव संरक्षणाचं आणि काम वेठीचं. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला तोही याच वळणाचा होता. जगण्याची रीत हाच गुन्हा ठरवायचा आणि मग माणसाचं श्रम लुटायचं.

शंभर वर्षांहून जास्त काळ आग पूर्ण दाबून टाकण्याचं धोरण चाललं. जंगलात सरपण साचत गेलं. आता तेच सरकार म्हणतं, 'सांस्कृतिक दहन' चांगलं आहे. २०२४ मध्ये कायदा करून जमातींना राज्याच्या परवानग्यांच्या जाळ्यातून बाहेर काढण्याचा मार्ग केला. चांगलं झालं. पण ज्यांना या विद्येसाठी गुन्हेगार ठरवलं, त्यांची जमीन परत कोण देणार?

आपल्या जंगलांची गोष्ट वेगळी आहे, आणि फरक समजून घेतला पाहिजे. मोह वेचायला, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेल्या आगी आपल्या पानगळीच्या जंगलांचं नुकसानही करतात. त्याचं आंधळं समर्थन मी करणार नाही. पण कायदा कुणाकडे बघतो ते पाहा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ सांगतं की राखीव जंगलात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क स्थगित करू शकतं. एकाने आग लावली, शिक्षा अख्ख्या गावाला. आणि कलम ७९ सांगतं की जंगलात ज्यांचा काही हक्क आहे त्यांनी आगीची खबर देणं आणि आग विझवणं बंधनकारक. कर्तव्य सांगितलं, मोबदला सांगितला नाही.

याच्या उलट चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण घ्या. वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मिळाले. मग ग्रामसभेने स्वतः बसून ठरवलं की तेंदू तोडायचा नाही, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात. उत्पन्नावर पाणी सोडून गावाने हा नियम स्वतःवर घालून घेतला. हक्क हातात आला की कर्तव्य ओझं वाटत नाही, हे पाचगावच्या गोंड बांधवांनी दाखवून दिलं.

अल्टाडिना

पुन्हा जानेवारी २०२५ कडे जाऊ, कारण 'हॉलिवूडवाल्यांचे बंगले' म्हणणाऱ्यांना मी उत्तर द्यायचं बाकी आहे.

७ जानेवारीला दोन मोठ्या आगी लागल्या. एक पॅसिफिक पॅलिसेड्स या श्रीमंत भागात, जिची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली. दुसरी ईटन फायर, अल्टाडिनामध्ये. तिथे ९ हजारांहून जास्त बांधकामं जळाली. अल्टाडिनाच्या मधून लेक अव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. बँका आणि घरमालक दारं बंद करत होते त्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांना घर घेता आलं ते मुख्यतः या रस्त्याच्या पश्चिमेला. शिक्षिका, पोस्टातले कर्मचारी, सुतार, ज्यांनी आयुष्यभराच्या कमाईतून एकेक घर उभं केलं आणि मुलांना दिलं.

आग ७ तारखेच्या संध्याकाळी सुरू झाली. पूर्वेकडच्या भागाला घरं सोडण्याचा आदेश त्याच संध्याकाळी गेला. पश्चिमेला तो गेला पहाटे साडेतीनच्या सुमारास, नऊ तासांनी. मृत्यू कुठे झाले? जवळपास सगळे लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला. मेलेल्यांत वृद्ध होते, अपंग होते, स्वतःहून गाडी काढून निघू न शकणारे होते.

त्यांनी अंगण साफ ठेवलं असतं तर ते वाचले असते का? असा प्रश्न विचारणंच क्रूर आहे. नियमाने घरमालकाला त्याचं कर्तव्य सांगितलं. राज्यानेही आपलं कर्तव्य वेळेवर करायचं असतं, त्याची नोटीस कोण काढणार? म्हणून जळाले ते फक्त बंगले नव्हेत. ज्यांच्याशी आपलं नातं दलित पँथरने नाव घेतानाच जोडलं, त्या लोकांचीही घरं तिथे जळाली.

मग नियमाला विरोध करायचा का?

नाही. इथेच आपल्यातल्या काही मित्रांशी माझा वाद आहे. नियम गरिबाला जाचतो, म्हणून नियमच नको, हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक वाटतो, पण त्याचा फायदा बड्यांनाच होतो. नियम नसेल तर श्रीमंत स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर वाचवेल आणि गरीब जळेल.

दुसरीकडे, 'नियम सगळ्यांना सारखा आहे, मग तक्रार कसली?' म्हणणारेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या आपल्या बांधवांना हे वाक्य चांगलंच परिचयाचं आहे. २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला स्पष्ट बंदी घालणारं एसबी ४०३ हे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ७ ऑक्टोबरला राज्यपाल न्यूसम यांनी ते नाकारलं. कारण दिलं की असलेल्या कायद्यात हे आधीच येतं. कागदावर समानता आहे, तर वेगळं कशाला? बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी याच धोक्याचा इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विसंगतीचा संसार फार काळ चालत नाही.

आपला मार्ग महाडने दाखवला आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. तोही एका स्थानिक संस्थेचा नियमच होता, चांगला नियम. पण तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. बाबासाहेबांनी ठराव फाडला नाही आणि ठराव झाला म्हणून समाधानही मानलं नाही. २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांना घेऊन ते तळ्यावर गेले आणि कागदावरचा ठराव ओंजळीत घेऊन प्याले.

आपण काय करायचं?

फेब्रुवारी संपत आला की आपल्या वस्त्यांमागचं गायरान, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, रस्त्याकडेचं कुसळी गवत वाळून कोळ होतं. कुणीतरी बांध पेटवतो, कुणी बिडी टाकतो, वीजतारा एकमेकींना घासतात. आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या बघा. चटई, प्लास्टिक आणि पाचट यांच्या कोप्या, भोवतीही पाचट, आत चूल. आई-बाप फडात आणि लहान लेकरं कोपीत. कारखान्याच्या गोदामाभोवती मोकळी जागा किती हवी याचे नियम आहेत. त्या कोपीभोवती किती हवी, हे कोण विचारतं?

म्हणून यंदापासून हे प्रश्न ग्रामसभेत विचारा. २६ जानेवारीची ग्रामसभा उन्हाळ्याआधीची आहे, ती सोडू नका.

पहिली मागणी: वस्तीलगतची जी जमीन गायरान, वनखातं, पाटबंधारे, रस्ते किंवा ग्रामपंचायत यांची आहे, तिथलं वाळकं गवत-झुडूप काढण्याची जबाबदारी त्या त्या खात्याची. वस्तीवाल्यांनी दुसऱ्याची जमीन फुकट साफ करायची नाही. वनखातं उन्हाळ्याआधी जंगलासाठी जाळरेषा काढतं, तशी ती वस्तीसाठीही निघाली पाहिजे.

दुसरी मागणी: हे काम मजुरी देऊन व्हावं, किमान वेतनाने, आणि सगळ्या समाजांच्या मजुरांना मिळावं. 'त्यांची वस्ती, त्यांनीच झाडावी' हे जुन्या महारकीचं नवं रूप आहे, ते तिथल्या तिथे थांबवा. घराशेजारचा पाला, छपरावरचा कचरा, भिंतीलगतचं सरपण मात्र आपणच काढायचं. पाच फुटांचा पट्टा आपल्या हातातला आहे, त्यात कुचराई नको.

तिसरी मागणी: ऊसतोड कामगारांच्या तळासाठी पाचट काढलेली मोकळी जागा, कोप्यांमध्ये अंतर आणि पाण्याची टाकी यांची जबाबदारी कारखान्याची. ती करारातच लिहिली गेली पाहिजे. आपल्या संघटनांनी हंगामापूर्वी ही अट मांडावी.

चौथी मागणी: वस्तीत आगीचा बंब शिरेल असा रस्ता. अतिक्रमण वस्तीचंच असतं असं समजू नका. अनेकदा रस्ता दाबलेला असतो तो गावातल्या बड्या माणसाच्या कुंपणाने. मोजणी मागा.

आणि शेवटचं. आग लागली की कारण लागलीच मान्य करू नका. पंचनामा आपल्या माणसांसमोर होऊ द्या, फोटो काढा, राखेला कुणी हात लावण्यापूर्वी लिहून घ्या. आग लावल्याचा संशय असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२) मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांची मालमत्ता आणि घरं आगीने नष्ट करण्याविरुद्ध स्वतंत्र आणि कडक तरतुदी आहेत, त्या लावायला भाग पाडा. 'चुलीची ठिणगी उडाली असेल' असं लिहून फाईल बंद करणं पोलिसांना सोपं असतं.

कॅलिफोर्नियाचा नियम माणसाला विचारतो, तुझ्या घराभोवती शंभर फूट साफ आहेत का? आपण उलट विचारायचं: आमच्या घराभोवतीच्या शंभर फुटांवर हक्क कुणाचा आहे? ज्याचा हक्क, त्याची जबाबदारी. आणि जबाबदारी आमच्यावर टाकायची असेल, तर आधी हक्क आमच्या नावावर करा.

जय भीम! जय संविधान!